मापात पाप नको : शाळेचा अभ्यास ख्रिस्ती नजरेनं घेताना

"प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय?" या प्रश्नाला सातवीतल्या एका मुलीनं घटक चाचणीत उत्तर लिहिलं होतं, "देव बोलला, प्रकाश होवो, आणि प्रकाश झाला." दोनपैकी शून्य मार्क. तिची आई पेपर घेऊन माझ्याकडे आली ती रागानं नव्हे, कौतुकानं. "बाई, बघा, पोरगी वचन विसरली नाही." मला मात्र घाम फुटला. ते बायबलमधलं वचन मीच तिच्या वहीत धड्याच्या डोक्यावर लिहून दिलं होतं. हरितद्रव्य, कार्बन डायऑक्साइड, पाणी, ऊन यांतलं काहीही तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं. माझं वचन तेवढं शिरलं होतं, तेही चुकीच्या खणात.

तोपर्यंत माझी समजूत अशी, की ख्रिस्ती दृष्टीनं शिकवायचं म्हणजे प्रत्येक धड्यावर एक वचन टाकायचं. अपूर्णांक आले की पाच भाकरी नि दोन मासे. पाऊस आला की नोहा. भाजी झाल्यावर वरून कोथिंबीर भुरभुरावी, तसं. भाजी कच्ची राहिली असली तर कोथिंबिरीनं काय होणार?

मी मिरजेची. ३१ वर्षं अनुदानित हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवलं. आता निवृत्त आहे आणि आमच्या चर्चच्या आवारातल्या हॉलमध्ये संध्याकाळी सहा ते साडेसात अभ्यासवर्ग घेते. पाचवी ते दहावीची १७ मुलं आहेत. काही मराठी माध्यमाची, काही सेमीची. बहुतेक आमच्याच मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, दोघं-तिघं शेजारच्या गल्लीतली. हे लिहितेय ते असे वर्ग चालवणाऱ्यांसाठी आणि घरी पोरांना घेऊन बसणाऱ्या आईबापांसाठी.

एक गोष्ट आधी. शाळेतली नोकरी वेगळी आणि हा वर्ग वेगळा. संविधानाच्या २८व्या कलमाप्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर संमती पालकांची लागते. मला तो नियम कधी जाचला नाही. माझ्या लेकराला कुणी न विचारता दुसऱ्या धर्माचा पाठ दिला असता तर मला चाललं असतं का? शाळेत मी तासाला वचनाचं नाव काढलं नाही. इथंही शेजारच्या गल्लीतली मुलं येतात त्यांच्या आईवडिलांना आम्ही सुरुवातीलाच सांगितलंय, की शेवटची दहा मिनिटं शास्त्र, म्हणजे बायबल, उघडतो, हवं तर तेवढ्यात न्यायला या. एक आई नेते, दुसरी म्हणते बसू दे.

आधी धडा, मग शास्त्र

तयारीला मी रविवारी दुपारी बसते. समोर बालभारतीचं पुस्तक. बायबल मुद्दाम कपाटातच ठेवते, कारण ते हातात असलं की मला धडा दिसेनासा होतो, नुसते वचन चिकटवायचे कोपरे दिसतात. धडा दोनदा वाचते. मग दोन प्रश्न वहीत लिहिते. यात खरं काय आहे आणि ते माणसाला कळलं कसं? आणि या धड्यात माप कुठं मारलं जातं?

दुसऱ्या प्रश्नावर माझी सगळी पद्धत उभी आहे. आपल्याकडे म्हणतातच, मापात पाप नको. बायबलातल्या लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात खरा तराजू, खरी वजनं यांची आज्ञा आहे. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात तर थैलीत दोन वजनं ठेवू नको असं सांगितलंय, घ्यायचं जड आणि द्यायचं हलकं. मला वाटतं शिक्षकाच्या थैलीतही ही दोन वजनं असतात. आपल्या लोकांचं मोजायला एक, दुसऱ्यांचं मोजायला दुसरं. सोप्या प्रश्नाला एक, अडचणीच्या प्रश्नाला दुसरं. ख्रिस्ती म्हणून शिकवायचं तर पहिल्यांदा हे दुसरं वजन फेकून द्यावं लागतं. वचन कुठलं घ्यायचं हा प्रश्न त्याच्या फार नंतरचा.

काही पालक विचारतात, सरकारी पुस्तकं कशाला, आपली वेगळी का नकोत? त्यांना मी बायबलातल्या दानीएलकडे पाठवते. त्यानं आणि त्याच्या दोस्तांनी बाबेलात तीन वर्षं खास्द्यांची, म्हणजे तिथल्या लोकांची, भाषा आणि विद्या शिकली, आणि शिकली म्हणजे अशी की राजाच्या परीक्षेत सगळ्यांच्या पुढं. ताटातल्या अन्नावर ते अडले, पुस्तकावर अडले नाहीत. (बालभारती म्हणजे बाबेल असं मला म्हणायचं नाही. तिथली पुस्तकं मला आवडतात.)

गंगाळसागर

गणितापासून सुरुवात करा. तिथं लबाडी लगेच उघडी पडते.

आठवी-नववीला वर्तुळाचा परीघ शिकवताना मी बायबलातल्या १ राजे या पुस्तकाचा ७वा अध्याय घेते. शलमोनानं मंदिरासाठी धातूचं एक प्रचंड पात्र ओतवून घेतलं. आपल्या मराठी बायबलात त्याला गंगाळसागर म्हटलंय, त्यामुळे ज्यांच्या आजीकडे तांब्याचं गंगाळ आहे त्यांना चित्र चटकन कळतं. या काठापासून त्या काठापर्यंत दहा हात, घेर तीस हात. भागाकार केला तर तीन. पुस्तकात π ३.१४.

पहिल्यांदा हे मी नुसतं गोष्ट म्हणून सांगितलं होतं. मागच्या बाकावरून आठवीतला एक पोरगा म्हणाला, "म्हणजे बायबल चुकलं का बाई?" आणि मी म्हणाले, "असलं विचारायचं नाही." आजही आठवलं की कसंतरी होतं. त्यानं मान खाली घातली, आणि त्या वर्षी परत काही विचारलं नाही.

आता मी हाच प्रश्न मुलांच्या आधी फळ्यावर लिहिते. मग सुतळीचं बंडल आणि टेप. प्रत्येकानं घरून एक गोल भांडं आणायचं: परात, घमेलं, डबा, कुकरचं झाकण. सुतळीनं घेर घ्यायचा, मधून आडवं माप घ्यायचं, भागायचं. उत्तरं येतात ३.०७, ३.२, ३.१, एकाचं २.९. त्या २.९ वाल्याची सुतळी ओढून ताणली होती. परात तर गोलच नव्हती, एका बाजूनं चेपलेली. पोरं आपोआप कळून घेतात, की मोजणं म्हणजे जवळपास जाणं. मग मी विचारते, हातानं, म्हणजे कोपरापासून बोटापर्यंत, मोजलेलं माप कितपत बारीक असणार? १ राजेचा लेखक भांड्याचं वर्णन करत होता, π ची किंमत देत नव्हता.

काही लोक यातून ३.१४ काढून दाखवायची कसरत करतात. व्यास बाहेरून, घेर आतून, कारण काठ चार बोटं जाड होता. करू द्या मुलांना. चार बोटांची एक मूठ आणि सहा मुठींचा एक हात धरला तर आतला व्यास ९.६७ हात आणि घेर ३०.३७. म्हणजे कसरत करूनही तीस पुरते येत नाहीत, शेवटी पूर्णांक करावाच लागतो. मग सरळ तेच का सांगू नये?

आणि आणखी एक. याच पात्रात १ राजे म्हणतं दोन हजार बथ (पातळ पदार्थाचं जुनं माप) पाणी मावायचं, २ इतिहास ४ म्हणतं तीन हजार. हे मी मुलांना दोन्ही पानं उघडून दाखवते. पंडितांनी त्यावर बरंच लिहिलंय, नकलेतली चूक म्हणा, काठोकाठ आणि नेहमीचं भरणं म्हणा. पण मोठेपणी मोबाइलवर कुणी तरी "हे बघ तुमचं बायबल" म्हणून दाखवण्यापेक्षा बाईंनी आठवीत दाखवलेलं बरं.

एक कोयता म्हणजे किती माणसं

सातवीच्या शेकडेवारीला आणि वजाबाकी-भागाकाराला आमच्या भागात उसाइतकं चांगलं उदाहरण नाही. दिवाळीनंतर मराठवाड्यातून टोळ्या येतात, फडाशेजारी पालं पडतात. मुलांनी ते रोज बघितलेलं असतं, म्हणजे बघितलेलंच नसतं.

गणित असं मांडते. एका कोयत्यानं एक लाख रुपये उचल घेतली. तोडणीचा दर टनाला ४०० धरा, दिवसाला दोन टन. (आकडे मी हिशेबाला सोपे म्हणून धरलेत, दर बदलत असतात.) दिवसाचे ८००. सगळे उचलीत वळते केले तर फिटायला १२५ दिवस. पोरं खूश, उत्तर पूर्णांकात आलं. मग मी विचारते, "आणि जेवायचं काय?" अर्धे पैसे खाण्यापिण्याला, दवाखान्याला ठेवा. आता २५० दिवस. हंगाम पाच महिन्यांचा, दीडशे दिवस, त्यातही एक दिवस आजारी पडायचं नाही. साठ हजार फिटले, चाळीस हजार अंगावर. पुढच्या वर्षी परत यायचं ठरलेलंच.

गेल्या वर्षी इथपर्यंत आलो आणि एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, माझे मामा मुकादम आहेत. ते टोळीतल्या लहान पोरांना खाऊ आणतात." वर्ग चिडीचूप. सगळ्यांच्या डोळ्यांत मामा खलनायक झालेले दिसत होते. मी फळ्यावर आणखी एक रकाना पाडला, मुकादमाचा. त्यालाही वरून उचल मिळते, तो ती वाटतो, आणि टोळी मध्येच निघून गेली तर भरपाई त्याच्या गळ्यात. हिशेब मांडल्यावर मामा देवदूतही निघाले नाहीत आणि राक्षसही. ती मुलगी सुटल्यासारखी बसली. असा रकाना मांडायला वेळ लागतो, पण तो टाळू नका. गरिबाची बाजू घेताना दुसऱ्याचं माप मारणं सोपं जातं.

मग एकानं विचारलं, "कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं ना? मग त्यांना कोयता का म्हणतात?" मी उत्तर दिलं नाही. देवानं माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवलं, नर आणि नारी, ते उत्पत्ती १:२७ कुणाला आठवतं का, एवढंच विचारलं. आठवलं. शेवटी एका मुलीनं याकोबाच्या पत्रातलं ५:४ वाचलं, शेतं कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, ते. त्यावर मी काही बोलले नाही. एवढी सगळी वजाबाकी केल्यानंतर त्या वचनाला बाईंच्या टेकूची गरज नसते. वचन शेवटी यावं म्हणते ते यासाठी. आधी आलं असतं तर पोरांनी माना डोलावल्या असत्या नि वह्या मिटल्या असत्या.

मेंडेलचे वाटाणे, आणि पालकांना वाटणारी धास्ती

दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांती. जूनमध्ये हटकून कुणाचे तरी वडील येतात. "बाई, हा धडा कसा घेणार?"

मी सुरुवात मेंडेलपासून करते. ब्रनोच्या मठातला हा ऑगस्टिनियन साधू. बागेत वाटाणे लावायचा, मोजायचा, परत लावायचा. १८६६ मध्ये त्यानं निबंध छापला आणि १९०० पर्यंत जवळजवळ कुणी ढुंकून पाहिलं नाही. त्याच्या एका प्रयोगात दुसऱ्या पिढीत ५४७४ गोल बिया आणि १८५० सुरकुतलेल्या. पोरांना भागायला लावते. २.९६ येतात. "तीन का लिहिले नाहीत त्यानं?" हा प्रश्न विचारायला मला फार आवडतं.

मग प्रत्येकानं घरी दोन नाणी एकदम वीस वेळा उडवायची. एक तरी छापा आला की गोल, दोन्ही काटे आले की सुरकुतलेला. १७ जणांचे मिळून ३४० वेळा, अपेक्षा २५५ गोलांची. एका वर्षी आले २४९. त्यात एका बहाद्दराचे बरोबर १५ आणि ५ होते. मी त्याला सगळ्यांसमोर काही बोलले नाही. वर्ग सुटल्यावर दोन रुपयांची दोन नाणी हातात दिली, म्हटलं, आता माझ्यासमोर उडव. बारा आले. तो ओशाळून हसला. "काल क्रिकेटची मॅच होती बाई." दुसऱ्या दिवशी त्यानं आपणहून फळ्यावरचे १५ खोडून १२ लिहिले, आणि २४९ चे २४६ झाले. त्या एका खोडण्यासाठी मी दहा बोधकथा सोडायला तयार आहे.

उत्क्रांतीबद्दल सांगायचं तर मंडळीत एकमत नाही आणि ते लपवायचं कारण नाही. कुणी सृष्टीचे सहा दिवस चोवीस तासांचे धरतात, कुणी एकेक दिवस म्हणजे एकेक युग, कुणी म्हणतात देवानं घडवलं ते याच मार्गानं. मुलांना मी तिन्ही सांगते. स्वतः तिसऱ्या बाजूला झुकते, पण विचारल्याशिवाय सांगत नाही. आमचे पाळकसाहेब पहिल्या बाजूचे आहेत. आम्ही उपासनेनंतर चहा एकत्र पितो.

धडा मात्र पूर्ण घ्यायचा. जीवाश्म, अवशेषांगं, सगळं. "हे पुस्तकात आहे म्हणून मार्कांपुरतं लिहा, खरं मानू नका" असं कधी म्हणू नका. त्यानं पोरगं एकच शिकतं, की तोंडानं एक नि मनात एक ठेवलं तरी चालतं. दुसऱ्याचं म्हणणं असं मांडायचं, की तो शेजारच्या खुर्चीवर बसला असता तर म्हणाला असता, हो, मला हेच म्हणायचंय. मग खुशाल वाद घाला.

पाणी चढतं तेव्हा

भूगोलाला आम्हाला नकाशा लागत नाही. कृष्णा आहे, हरिपूरला तिला येऊन मिळणारी वारणा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. पोरांना घराच्या भिंतीवरची पाण्याची रेघ टेपनं मोजून आणायला सांगा, पूररेषा म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. पाणी का चढलं याची कारणं मोठ्या माणसांत वादाची आहेत: पाऊस, धरणातून सोडलेलं पाणी, पात्रालगतची बांधकामं. जिथं वाद आहे तिथं वाद आहे असंच सांगा.

त्या पुरानंतर एका प्रार्थनासभेत कुणी तरी म्हणालं, पाप वाढलं म्हणून हे झालं. माझ्या वर्गातल्या एका मुलाचं घर तेव्हा आठवडाभर पाण्यात होतं. त्यानं दुसऱ्या दिवशी विचारलं, "बाई, आम्ही काय केलं होतं?" तेव्हा मी लूक १३ उघडलं. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली, ती काय यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती? येशूनं हा प्रश्न स्वतः विचारला आणि उत्तरही दिलं, नाही. भूगोल शिकवायला ख्रिस्ती माणसाला एवढा मोकळेपणा पुरे आहे. आता कारणं शोधायला जा, खाली वाका, माती बघा.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप याच रांगेत घ्या. धरणाच्या साठ्यामुळे भूकंप होऊ शकतात याचं जगभर दिलं जाणारं उदाहरण आपल्या पाटण तालुक्यातलं आहे. कोयनेची वीज घरात आहे आणि कोयनेचा धक्का आजोबांच्या आठवणीत आहे. दोन्ही एकाच धड्यात आले पाहिजेत.

तुकोबांना तुकोबाच राहू द्या

मराठीबद्दल थोडकंच. अभंग आला की काही ख्रिस्ती शिक्षक अवघडतात, आणि काही जण विठ्ठलाच्या जागी येशू वाचून मोकळे होतात. दोन्ही चूक. तुकाराम कुणाला हाक मारतात ते जसं आहे तसं सांगा, छंद समजवा, शब्द फोडा. प्रेषित पौलानं अथेन्समध्ये तिथल्या लोकांच्याच कवींच्या ओळी घेतल्या, पण त्या कवींना ख्रिस्ती ठरवलं नाही. आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक, ज्यांनी १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, ते तुकारामांचं ऋण उघड सांगायचे. आणि ओवीचंच म्हणाल तर फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं, रोमन लिपीत पण मराठी ओव्यांत. दहावीच्या पोरांना हे सांगा, मराठी ही आपली उसनी भाषा नाही हे त्यांना कळेल.

शब्दांवर मात्र रेंगाळा. रूथच्या पुस्तकात "सरवा" शब्द येतो. कापणी झाल्यावर पडलेली कणसं गरिबांनी वेचायची. शहरातल्या पोरांना माहीत नसतो. तासगावकडच्या एका मुलाच्या आजीनं भुईमुगाचा सरवा वेचलाय, तिला बोलावलं होतं. तिनं पाऊण तास खाल्ला आणि माझा निबंधाचा तास गेला. जाऊ दे.

आपल्या लोकांचा इतिहास

इथं थैलीतलं दुसरं वजन सगळ्यात जास्त वापरलं जातं. मिरजेत मिशनरी डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना काढला, त्याचा आम्हाला अभिमान आहे आणि असावा. पण अभिमानाच्या तासानंतर लगेच गोव्याच्या धर्मन्यायालयाचा, म्हणजे धर्माच्या नावानं लोकांना शिक्षा देणाऱ्या पोर्तुगीज इन्क्विझिशनचा, तास घ्या. १५६० ला सुरू, १८१२ ला कायमचं बंद, आणि मधे जे झालं ते ख्रिस्ताच्या नावानं झालं. मुलं विचारतात, हे आपण का सांगायचं? मी म्हणते, दाविदाचं बथशेबेचं प्रकरण, राजानं दुसऱ्याची बायको घेतली आणि तिच्या नवऱ्याला मारवलं ते, शास्त्रात कुणी घातलं? शत्रूनं नव्हे. आपल्याच लोकांनी, आपल्याच राजाबद्दल.

उलट दिशेनंही माप मारू नका. जोतिराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले हे खरं, म्हणून त्यांना आपल्या खात्यात जमा करू नका. त्यांचा सत्यधर्म त्यांचा स्वतःचा होता आणि सावित्रीबाईंचं धैर्य त्यांचं स्वतःचं.

मला शिकवायला सगळ्यात आवडतो तो मिरजेच्या सतारींचा पाठ, आणि तो कुठल्याच पुस्तकात नाही. सतारी करणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारींना, भाल्यांना धार आणि झिलई देणारी. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम उतरलं आणि हे हात भोपळ्याकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. यशया २:४ मध्ये तलवारींचे फाळ होतात. आमच्या गावात तंबोरे झाले. हे पहिल्यांदा सुचलं तेव्हा मी नाचायचीच बाकी होते. पण वर्गात सांगताना तिथंही हात आवरावा लागतो. शिकलगारांनी यशया वाचून धंदा बदलला नाही, पोटासाठी बदलला. यशया देवाच्या राज्याबद्दल बोलतो, पोटाबद्दल नाही. दोन्ही शेजारी ठेवा, एकमेकांत मिसळू नका.

तिथं आम्ही आवाजाचा धडाही उरकून घेतो. तंबोऱ्याच्या तारेवर बरोबर मध्यावर बोट ठेवून छेडलं की वरचा सा. दोन तृतीयांश लांबीवर पंचम. पोरं पट्टी लावून मोजतात आणि कान लावून खात्री करतात. मग कारागीर चाचा घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवून जवारी काढून, म्हणजे तार गुंजेल असा उतार देऊन, दाखवतात, आणि तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवतात. तो दिसत नाही इतका बारीक. धागा नेमक्या जागी आला की तार एकदम बोलायला लागते. "याला काय म्हणतात?" पोरांनी विचारलं. "जीव," चाचा म्हणाले. निर्गम ३५ मधल्या बसालेलाची, देवानं कसब दिलेल्या कारागिराची गोष्ट मी त्या दिवशी परत येऊन सांगितली. पण एका मुसलमान कारागिराच्या हातात ते कसब मुलांनी आधीच बघितलं होतं, त्यामुळे "देव कसब फक्त आपल्यालाच देतो का" हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

उरलेल्या बारीकसारीक गोष्टी

सगळे विषय एकदम धरू नका. पहिल्या सहामाहीत एकच घ्या, जो तुम्हाला स्वतःला पक्का येतो तो. ज्याला गणित येत नाही त्यानं ख्रिस्ती गणित शिकवायच्या भानगडीत पडू नये. आधी गणित शिकावं. आठवड्यात एकाच धड्याला शास्त्र जोडलं गेलं तरी भरपूर. काही धड्यांना काहीच जोडावं लागत नाही. वर्गमूळ हे वर्गमूळच आहे.

एक बुटाचं खोकं ठेवा, वर फट पाडा. मुलांनी नाव न घालता प्रश्न टाकायचे, शुक्रवारी उघडायचं. "माहीत नाही, बघून सांगते" हे वाक्य महिन्यातून दोनदा तरी तुमच्या तोंडून गेलं पाहिजे. आणि खरंच बघून सांगा, पोरं लक्षात ठेवतात.

सुरुवातीला प्रार्थना अर्धा मिनिट. त्यात मार्क मागू नका.

पाळकांना आणि कमिटीला महिन्यातून एकदा वह्या दाखवा, विशेषतः उत्क्रांती आणि धर्मन्यायालयाच्या. मागून तक्रार ऐकण्यापेक्षा आधी चहा पाजलेला स्वस्त पडतो.

आणि सतारमेकर गल्लीत मुलांना न्यायचं असेल तर आदल्या दिवशी जाऊन विचारून या. दुकानं अरुंद आहेत, आठ-आठ जणांच्या दोन तुकड्या करा. लाकडाचा भुसा उडतो, दमेकरी पोराला रुमाल द्या. शुक्रवारी दुपारी नको, नमाजाची वेळ असते.